शेवटून दुसरा

दीक्षितपुऱ्यातल्या घराचे तीन जिने रोज चढतो, एवढ्या भांडवलावर मी रिटायर झाल्यावर ट्रेकिंग ग्रुपबरोबर डोंगरावर गेलो. सगळे भराभर पुढे गेले. पण शेवटचा मी नव्हतो. माझ्याही मागे चाळिशीचा एक माणूस होता. मी दम खायला थांबलो की नेमकं तेव्हाच तो म्हणायचा, "थांबा काकाजी, लेस सुटली," आणि वाकायचा. बिचाऱ्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून मी तोंड फिरवून उभा राहायचो.

दिवसभर मी त्याला सांभाळून घेतलं. श्वास नाकानं घे, वर बघू नकोस. प्रत्येक उपदेशाला तो "अच्छा जी" म्हणायचा.

खाली उतरल्यावर लीडरनं त्याला विचारलं, "काहून एवढा उशीर, भैया? सगळे आले ना?" सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे राहायची ड्यूटी दर वेळी त्याचीच असते, हे मला तेव्हा कळलं.

"माझ्यामुळेच उशीर झाला," तो म्हणाला. "लेस सुटून राहिली होती सारखी. काकाजी होते म्हणून पोहोचलो."

मी खाली पाहिलं. त्याच्या बुटांना लेस नव्हतीच, नुसत्या वेल्क्रोच्या पट्ट्या होत्या.

"पुढच्या वेळी दुहेरी गाठ मार," मी म्हणालो.

"अच्छा जी."