राखेच्या बुधवारचा अंगारा

उदबत्तीचा वास आला, की ट्रुगानिना या परदेशी उपनगरातल्या आमच्या घरातला लॉकडाऊनमधला राखेचा बुधवार आठवतो. ख्रिस्ती उपवासकाळाच्या या पहिल्या दिवशी चर्चमध्ये राख लावतात; पण चर्च बंद होतं, म्हणून माझे वसईचे कॅथलिक पप्पा आदल्या वर्षीची सुकलेली झावळी घरीच जाळून कपाळाला राख लावणार होते. घर पालथं घातल्यावर लक्षात आलं, आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारीही लॉकडाऊनच होता. त्या दिवशी चर्चमध्ये वाटतात ती झावळी घरी आलीच नव्हती. पप्पा हिरमुसून बसले. तेवढ्यात माझ्या हिंदू मम्मीने देवघरातल्या उदबत्तीची राख चिमटीत आणली. "अंगारा चालेल?" मला वाटलं, आता वाजणार. पण पप्पांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. "क्रूस काढ हां." मम्मीने काढला आणि सवयीने पुटपुटली, "देव बरं करो." मग मीही कपाळ पुढे केलं. आता युनिव्हर्सिटीत कुणी विचारलं, "तू हिंदू की ख्रिश्चन?", तर मी नुसतं "हो" म्हणते.