टाइल्सना सावली, पोरांना ऊन

दीपमाला हिंगोलीकडची, दहावीपर्यंत शिकलेली. दोन हजार सहा साली नवरा वैजनाथ गवंडीकामाला पुण्याजवळ वाघोलीला आला, तेव्हा तीही साडेचार वर्षांच्या लेकीला, नम्रताला घेऊन आली आणि विटा वाहू लागली. आयटीवाल्यांसाठी बारा मजली इमारती उठत होत्या. कामावर जाताना आया लहान पोरांना झोपडीत कोंडून जायच्या. ते रडणं दीपमालाला ऐकवेना. दुसऱ्याच आठवड्यात तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि पत्र्याच्या रिकाम्या शेडमध्ये सतरा पोरं बसवली. गाणी, गोष्टी, मग खडूने जमिनीवर अक्षरं. आया ज्वारी, डाळ, जमेल ते द्यायच्या.

वर्षभराने टाइल्सचे खोके आले. साइट मॅनेजर दिगंबर लिमये आवाज कधी चढवत नसत.

"बाई, आपण विद्यापीठ काढलेलं दिसतंय. उद्या शेड रिकामी हवी."

"पोरं कुठं बसवू?"

"तो माझा विषय नाही."

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप होतं. दीपमालाने रविवारची वाट पाहिली आणि पोरं थेट नमुन्याच्या फ्लॅटसमोर बसवली. फ्लॅट पाहायला जोडपी येत होती. पोरं मोठ्याने बाराखडी म्हणत होती. लिमये बाहेर आले.

"हे काय?"

"बालवाडी. टाइल्सना सावलीत ठेवलंय तुम्ही. पोरांना ऊन उरलं."

एका तरुण बाईने विचारलं, "ही मुलं राहतात कुठे?"

"तुमचं पार्किंग होणारे ना, तिथं," दीपमाला म्हणाली.

सोमवारी लिमयांनी तिला बोलावून घेतलं. नम्रताला इंग्रजी शाळेत घालतो, फी आम्ही भरतो, फक्त हे बंद करा. दुपारी वैजनाथ जेवता जेवता म्हणाला, "एका पोरीचं तरी भलं होईल. हट्ट सोड."

त्याचं चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ती उठली आणि जाऊन सांगून आली, "माझ्या पोरीसाठी बाकीची सोळा कोंडायची न्हाईत."

संध्याकाळी वैजनाथचं काम गेलं. तो बायकोकडे पाठ करून झोपला.

सकाळी मात्र सुंदराबाई नावाच्या मजूर बाईने पाटी उचलली नाही. तिच्यामागे कुणीच उचलली नाही. "शेड उघडा, वैजनाथला परत घ्या," एवढंच त्या सांगत होत्या. विटा खाली, गवंडी वर, काम ठप्प. दुपारी लिमयांनी शेडमधले खोके तळमजल्यावर हलवले आणि वैजनाथला निरोप धाडला. तो थापी घेऊन निघाला, दारात थांबला, म्हणाला, "तुझ्यासारखी अडेल बाई पाहिली न्हाई." पण हसत होता.

पुढच्या जूनमध्ये दीपमाला अकरा पोरं घेऊन वाघोली गावच्या शाळेत गेली. नम्रताही त्यांत होती. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ही बांधकामावरची. सहा महिन्यांत निघून जातील."

"जातील तेव्हा जातील, सर. आज आलीत. आज नावं लिहा."

ती समोरच्या बाकावर बसली. अकरावं नाव लिहून होईपर्यंत उठली नाही.