आमसुलाचं पाणी

“आणि मंगळवारी वांगी कोणी केली होती?” निनाद म्हणाला.

“मीच केली. तुला हवी होती म्हणून. दोनदा मागून खाल्लीस.”

“माझं सोड. आईच्या ताटात कशाला वाढलीस?”

“मग काय, त्यांना नुसतं बघत बसवायचं होतं?”

बाहेरच्या खोलीतलं हे नवरा-बायकोचं भांडण वांग्यांवरून सुरू झालेलं नव्हतं. ते कोलंबीवरून सुरू झालं, मग शेंगदाण्याच्या कुटावर आलं, तिथून कपड्यांच्या नव्या साबणावर गेलं आणि आता वांग्यांवर येऊन थांबलं होतं. आतल्या खोलीत निनादची आई, आशालताबाई, दाराकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. गाऊनची मागची चेन कमरेपर्यंत उघडी होती. कपाळापासून छातीपर्यंत आणि मागे सगळी पाठभर कातडी लालबुंद झाली होती, उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकून बसल्यासारखी. आतून मुंग्या चावत होत्या. त्यांची दहा वर्षांची नात सई मागे उभी राहून वाटीतलं आमसुलाचं पाणी त्यांच्या पाठीला लावत होती. दोन बोटांनी. लहान पोराने पोळीला तूप लावावं तसं, मधोमध थोडं आणि कडा कोरड्या.

एरवी हे काम तिची आई करायची. आज कादंबरीने वाटी सईच्या हातात दिली आणि ती स्वयंपाकघरात कणीक मळायला निघून गेली.

“आजी, झालं का?”

“झालं. जा तू.”

सई वाटी पलंगाखाली सरकवून पळाली. चेन तशीच उघडी राहिली.

आशालताबाईंनी एकतीस वर्षं पनवेलात टपाल नाक्याजवळच्या एका गल्लीत ब्लाउज शिवले. नवरा, कमलाकर, एसटीत कंडक्टर. तो ड्यूटीवर गेला की पुढच्या खोलीत मधोमध पडदा ओढायचा आणि दुकान सुरू. पाटी कधी लावली नाही. पडद्याआड बाई आली की आशालताबाईंचा एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात टेप. छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, पाठीचा गळा. हात वर केले की बायका बोलायला लागतात, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. कोणाचा नवरा बोलत नव्हता, कोणाच्या काखेत गाठ आली होती आणि घरात सांगायचं धाडस होत नव्हतं, कोणाला पाचवा महिना होता आणि माप मुद्दाम सैल घ्यायचं होतं. आशालताबाई तोंडात टाचण्या धरून हुंकार भरायच्या. पनवेलातल्या निम्म्या बायकांच्या पाठी त्यांना चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या.

कमलाकर गेले, पाठोपाठ ती इमारत पाडायला घेतली, आणि चार वर्षांपूर्वी निनाद त्यांना करंजाड्याला सातव्या मजल्यावर घेऊन आला. स्वतंत्र खोली दिली, त्यात वेगळा टीव्ही. कोणी वाईट वागत नव्हतं. निनाद बेलापूरला नोकरीला, सकाळी आठला निघायचा तो रात्री साडेआठला यायचा. कादंबरी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायची, पण दार लावून, कानाला हेडफोन लावून. सई शाळा, क्लास आणि मोबाइल. शिवणयंत्र गॅलरीत ठेवलं होतं. कादंबरी म्हणाली होती, “किती सुंदर दिसतं ना आई, अँटिक,” आणि त्यावर तिने मनीप्लांटच्या तीन कुंड्या मांडल्या होत्या. आशालताबाईंनी एकदा शिवायचा विषय काढला तेव्हा निनाद म्हणाला, “आता कशाला आई? लोक काय म्हणतील, मुलगा आईला या वयात शिवायला लावतो.” त्यांनी परत विषय काढला नाही. दुपारी त्या गॅलरीत बसून आकाशातून खाली येणारी विमानं बघायच्या. चार वर्षांत त्यांना कोणाचा हात लागला असेल तर तो पाडव्याला, नमस्काराच्या वेळी, पायाला.

मग पावसाळ्याआधी सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि आशालताबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. निनादच्या ऑफिसातला कोणी मित्र त्यावर नायसिनच्या गोळ्या घेत होता. त्याने सांगितलं, निनादने मोबाइलवरून डबा मागवला. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या, पांढऱ्या, खडूसारख्या चवीच्या.

“औषध नाही आई, व्हिटॅमिन आहे. बी-थ्री. रोज एक.”

या घरात औषध डॉक्टरना विचारून घेत आणि व्हिटॅमिन मित्राला.

आशालताबाईंनी पहिली गोळी घेतली ती आयुष्यभर सगळं जसं घेतलं तशी, सकाळी रिकाम्या पोटी, कढत चहाबरोबर. पंधरा मिनिटांत कान तापले. मग गाल, मग गळा, मग अंगभर भट्टी. त्या घाबरून खोलीबाहेर आल्या. कादंबरी मीटिंगमधून पाणी प्यायला उठली होती, हेडफोन गळ्यात.

“अहो आई, पित्त उठलंय तुमच्या अंगावर. सगळ्या लाल झालाय.”

तिने वाटीत पाच-सहा आमसुलं भिजत घातली. तिची आई मुरुडची, त्या घरात पित्तावर दुसरा उपाय माहीत नव्हता. तिने आशालताबाईंना पलंगावर बसवलं, चेन खाली ओढली आणि ते गुलाबी पाणी तळहाताने चोळलं. खांद्यापासून खाली, मग बगलेशी, मग एका हाताने केस वर धरून मानेवर. गार हात होते तिचे. हेडफोनमधून कोणीतरी इंग्रजीत आकडे वाचत होतं आणि ती अधूनमधून “येस, येस” म्हणत होती. आशालताबाईंच्या लक्षात आलं की आपण हात थोडे वर धरले आहेत आणि आपण बोलतो आहोत. निनादने दोन वर्षांचा असताना ब्लाउजचा हूक गिळला होता ती हकिकत. कादंबरी हसली. तासाभराने लाली उतरली. गाऊनला आमसुलाचा डाग पडला, तो काही निघाला नाही.

पित्त पुन्हा उठलं, आणि पुन्हा. खाण्यावर पहारा बसला. कोलंबी बंद, अंडी बंद, आंबवलेलं बंद. गोळीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण व्हिटॅमिनने कोणाला पित्त उठतं? आशालताबाईंनी एकदा सईकडून डब्यावरची बारीक अक्षरं वाचून घेतली. सई म्हणाली, “मे कॉज फ्लशिंग असं लिहिलंय.” म्हणजे काय, तर सई हसत सुटली. “आजी, फ्लश गं, बाथरूममधला. पोट साफ होणार तुझं.” त्या दोघी बराच वेळ हसल्या आणि विषय संपला.

खरं काय ते कमळाबाईंनी ओळखलं. कमळाबाई पहिल्या मजल्यावर राहायच्या, इथल्याच गावच्या. त्यांचे ब्लाउज आशालताबाईंनी वीस वर्षं शिवले होते. भेटल्या की त्यांचं एकच मागणं असायचं, “मना एक तरी शिवून द्या, या नव्या शिंप्यांना मुंढा कलत नाय.” त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पित्त काय घड्याल बगून उठतं? माजं तं कदी पन उठतं. तुमी चा पिल्यावरच कसं लाल होता?”

त्या एकादशीला आशालताबाईंनी चहा घेतला, गोळी घेतली नाही. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही घेतलं आणि झालं. शिंपिणीला दोन बाह्यांतला फरक कळायला एवढं पुरे.

त्यांनी डबा कचऱ्यात टाकायला हवा होता. पण तो दिवस सोमवारचा होता, कादंबरी घरी होती, आणि ती हेडफोन काढून वाटी घेऊन येतच होती.

तेव्हापासून आशालताबाई गोळी कादंबरी घरी असेल त्या दिवशी घ्यायला लागल्या, संध्याकाळच्या चहाला. कादंबरीही आता चोळता चोळता बोलायची. बॉसबद्दल, सईच्या गणिताबद्दल, मुरुडच्या घराबद्दल, जिथे तिचा भाऊ तिला हल्ली बोलावत नव्हता. आशालताबाईंना तिचं माप नजरेनेच पाठ होतं. तिचा मोरपंखी ब्लाउज डाव्या बाहीत ओढतो, हेही त्यांना दोन वर्षांपासून दिसत होतं. पण बाहेरून शिवून आणलेल्या ब्लाउजबद्दल सासूने बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात अंगाला गोळीची सवय झाली. कान जरा तापले आणि थांबले. कादंबरी दारातून डोकावून म्हणाली, “आज बरं वाटतंय ना? चला, सुटलो.” आणि दार लावून घेतलं. आशालताबाई त्या संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ गॅलरीत बसल्या. नंतरच्या वेळी त्यांनी दोन गोळ्या घेतल्या. त्याने महिनाभर भागलं. मग तीन, आणि मग कादंबरी दिवसभर घरी असो की ऑफिसातून नुकती आलेली असो, रोज.

भूक गेली. सकाळी मळमळायचं, भाकरीचा वास नको व्हायचा. कादंबरीनेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? आशालताबाई नाही म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं. आज शनिवारी संध्याकाळी, त्यांच्या तीन गोळ्या चहाबरोबर पोटात गेल्यावर, निनादच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. यकृताचे आकडे दुप्पट-तिपटीने वाढलेले. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं की सोमवारी या, आणि त्या जे जे खातात-पितात त्याची यादी करून आणा. ती यादी करायला बसले आणि त्यातून हे भांडण निघालं.

बाहेर आता वांगी संपून जवळ्यावर आलं होतं.

“तुझ्या आईने पाठवलेला जवळा असणार,” निनाद म्हणाला. “कधीचा, कुठे वाळवलेला, कोणाला माहीत.”

“ते पाकीट मार्चपासून फ्रीजरमध्ये आहे. उघडलेलंसुद्धा नाही.”

“काहीतरी आहे ना पण! आईचं लिव्हर उगीच खराब झालं का? या घरात स्वयंपाक तू करतेस.”

कणकेची परात सरकल्याचा आवाज आला आणि मग कादंबरीचा, अगदी बारीक, मीटिंगमध्ये लावते तसा.

“बरोबर आहे. मी उद्या मुरुडला जाते. पंधरा दिवस तू कर, नाहीतर बाई ठेव. माझ्या मागे पित्त उठलं नाही, तर मीच त्यांना घालत होते असं धर.”

आशालताबाईंनी पलंगाखालची वाटी उचलून टेबलावर ठेवली. मुरुडला तिला कोणी बोलावलेलं नाही, हे या घरात फक्त त्यांना माहीत होतं. तिथे ती बॅग घेऊन उभी राहणार, भावजय दारातून विचारणार, अचानक कशी. आणि इथे गोळी घेतली तरी वाटी घेऊन येणारं कोणी नाही. आणि नाही घेतली, तर पित्त उठणार नाही आणि दोष जाईल कादंबरीच्या माथी, कायमचा.

त्यांनी मागे हात नेऊन चेन वर ओढायचा प्रयत्न केला. हात पोचेना. मग तशाच, उघड्या पाठीने, कपाटातला डबा घेऊन त्या बाहेर आल्या आणि तो जेवणाच्या टेबलावर ठेवला.

“याने होतं,” त्या म्हणाल्या. “वांग्यांनी नाही, जवळ्याने नाही.”

निनादने डब्याकडे पाहिलं. “आई, ते व्हिटॅमिन आहे.”

“असेल. मी तीन घेते. आजही घेतल्या.”

“तीन? मी एक सांगितली होती.”

“एकीने लाल व्हायचं थांबलं.”

निनादला ते कळलं नाही. तो डबा फिरवून बारीक अक्षरं वाचायला लागला, मग मोबाइल काढून त्यात शोधू लागला, आणि थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला की असं होतं, चेहरा-अंग लाल होतं, आणि जास्त घेतलं तर यकृतालाही त्रास होतो, सगळं लिहिलेलं आहे, पहिल्याच ओळीत. सई म्हणाली, “म्हणजे फ्लश हा होता?”

कादंबरी काही वाचत नव्हती. ती आशालताबाईंच्या लाल गळ्याकडे बघत होती, मग आतल्या टेबलावरच्या वाटीकडे. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. ती सासूच्या मागे येऊन उभी राहिली. खांद्याशी तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने चेन वरपर्यंत ओढली आणि हूक लावला.

“तू कुठे जात नाहीस,” आशालताबाई तिला म्हणाल्या, मागे न वळता. मग त्यांनी डबा निनादच्या हातून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

“गोळ्या आजपासून बंद. सोमवारी डॉक्टरबाईंना हा डबा मीच दाखवणार. आणि मशीनवरच्या कुंड्या सकाळी खाली उतरवून ठेवा, त्याला तेल घालायचंय. कमळाबाईंना मी दहा वाजता मापाला बोलावते आहे.”