भिंतीकडे तोंड करून बसणारे अण्णा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका संशयी माणूस आमच्या अख्ख्या बनशंकरी वस्तीत सापडणार नाही. माझ्याच कंपनीत ते नेटवर्क सांभाळतात. घरबसल्या कंपनीच्या यंत्रणेत शिरायची सुरक्षित वाट, म्हणजे व्हीपीएन, ज्याला हवी त्याला अण्णांच्या परीक्षेतून जावं लागतं. घरही त्यांनी त्याच तत्त्वावर चालवलंय. ओळखीचे दोन पुरावे मिळाल्याशिवाय दार उघडायचं नाही. एकदा त्यांची बायको भाजीच्या पिशव्या घेऊन बाहेर ताटकळत होती. "अहो, मी आहे!" "आवाज पटला. आता मोबाइलवर पाठवलेला ओटीपी सांग." "मोबाइल आतच राहिलाय, टेबलावर!" "सरी, ठीक आहे, मग स्वल्प थांब, दुसरा काही पुरावा शोधू." बाईंनी लग्नातली अण्णांची एक फजिती जिन्यात मोठ्याने सांगायला घेतली, तेव्हा दार ताबडतोब उघडलं.

आई अंथरुणाला खिळली आणि मलाही ती वाट हवी झाली. साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत कनेक्शन झालं नाही तर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात येऊन बसायचं. आणि आईजवळ दुसरं कोणी नव्हतं. रविवारी अण्णा आले. रोज जिन्यात भेटणाऱ्या या माणसाने आधी माझं ओळखपत्र मागितलं, फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि "हल्ली वाळलात," असा शेरा मारला. मी पासवर्ड टाकू लागले की ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करत, वर डोळेही मिटत. मग गुप्त प्रश्न आला: आईचं माहेरचं आडनाव. "खरं लिहू नका," अण्णा कुजबुजले, "ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं." आतल्या खोलीतून आई कडाडली, "अण्णा, माझं माहेर खोटं ठरवताय?" "कंपनीपुरतंच हो, अम्मा!" "मग एखादं राजघराण्यातलं तरी घाला!" आणि तिने तसं एक आडनाव इतक्या खणखणीत आवाजात सुचवलं, की अण्णांनी कपाळाला हात लावून प्रश्नच बदलला. पण कनेक्शन झालं. पुढचे कितीतरी दिवस मी आईच्या उशाशी बसून नोकरी केली.

अण्णांचा आणखी एक नियम आहे: गरज संपली की वाट बंद करायची. आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर ते आले आणि अवघडून म्हणाले, "कनेक्शन काढावं लागेल. शेवटचं एकदा पासवर्ड टाका." नेहमीसारखी खुर्ची फिरवून ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी कीबोर्डवर बोटं ठेवली. समोर पलंग रिकामा होता. मग मला अक्षरंच दिसेनात.

पासवर्ड टाकायला असा किती वेळ लागतो? अण्णा बराच वेळ तसेच पाठमोरे बसून राहिले.

"सावकाश," भिंतीला सांगितल्यासारखे ते म्हणाले, "मी बघत नाही."