शकूताईचं फुटपाथवरचं हळदीकुंकू

आज सकाळी शकूताई गेली. तिच्याविरुद्ध महापालिकेत पहिला अर्ज मी केला होता.

हो, मीच. ज्यांना माहीत नाही त्यांनी आज वाचा.

आमच्या जुन्या फ्लॅट स्कीमच्या कोपऱ्यावर तिचं फॉल-पिकोचं दुकान. एक शटर, एक मशीन आणि अखंड बडबड. मूळची उमरेडची, विणकरांच्या घरातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. फॉल असा लावायची की टाका शोधून सापडायचा नाही.

आणि डोक्यात एकच खूळ. समोरच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांना निवारा मिळाला पाहिजे.

गल्लीतली महापालिकेची शाळा बंद पडून होती. तिथं बायका-लेकरांसाठी निवारा केंद्र करा म्हणून ती सह्या गोळा करायची. साडी आणायला गेलं की आधी सही. टाळाटाळ केली की म्हणायची, "पिको राहिला वं तुझा. उद्या ये."

आम्हा फ्लॅटवाल्यांना ते केंद्र नको होतं. गल्लीत घाण होईल, चोऱ्या होतील, फ्लॅटचे रेट पडतील.

माझं अक्षर चांगलं, त्यात ऑफिसमधल्या ड्राफ्टिंगची सवय. मी दोन पानी हरकत लिहिली. सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या.

शकूताईला कळलंच. मला वाटलं, आता भर रस्त्यात माझा उद्धार होणार. तिनं साडी घडी करून हातात दिली आणि म्हणाली, "अक्षर मस्त आहे वं तुझं."

बस्स. एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी बेल वाजली. दारात बेबी, फुटपाथवरची. तिचा नवरा बुटीबोरीला कंपनीत होता. तो गेला, खोली गेली, दोन पोरी घेऊन ती इथं आली. हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी ती नुसती "ती समोरची" होती.

हातात कुंकवाचा करंडा.

"ताई, उद्या पाच वाजता आमच्याकडे हळदीकुंकवाले या."

आमच्याकडे?

पण हळदीकुंकवाला नाही म्हणायला जीभ कुणाची रेटते? "येते" म्हणून टाकलं. शकूताईनं बरोब्बर आमची नस पकडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ जणी रस्ता ओलांडून गेलो. मी शहाणी, पिशवीत जुन्या साड्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन.

शकूताई भडकली. "हे काहून आनलं? पाहुनी आहेस आज तू. पाहुनीसारखी बस!"

बसले. फुटपाथ धुतलेला, रांगोळी काढलेली, सतरंजी अंथरलेली. बेबीनं मला हळदीकुंकू लावलं, मग शकूताईला. मी तिच्या कपाळाकडे बघतेय हे तिनं पाहिलं.

"काय पाहून राहिली वं? नवरा गेला, कपाळ तर जागेवरच आहे ना?"

सगळ्या हसल्या. मीही. काय करणार!

वाण म्हणून प्रत्येकीला अंगाचा साबण. आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, तुम्हालाच ठेवा ना. तुम्हाला लागेल."

बेबी म्हणाली, "साबन आहे ताई आमच्याकडे. आंघोयीले आडोसा नाई."



मग तीच सांगत गेली. अंगावर साडी ठेवून, रस्ता जागा व्हायच्या आत आंघोळ उरकायची. "मोठी पोरगी शहाणी झाली आता. ते म्हनते, मी आंघोयच नाई करत. मी तिले काय सांगू?"

माझ्या अर्जात "अस्वच्छता" हा शब्द चार वेळा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात शकूताईसोबत महापालिकेत गेले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, फाइलला लागलेला अर्ज मागे घेता येत नाही."

शकूताईनं खुर्ची ओढली. "मंग दुसरा लावा. लिही वं तू. इथंच बसून लिही."

लिहिला. या वेळी तीन पानं.

मग दर संक्रांतीला फुटपाथवर हळदीकुंकू. आजूबाजूच्या स्कीमच्या बायका, बर्डीच्या बाजारात दुकानांत काम करणाऱ्या मुली, कॉलेजच्या मॅडम, सगळ्यांना बेबी आणि तिच्या मैत्रिणी घरोघरी जाऊन आमंत्रण द्यायच्या. भाषण नाही. माईक नाही. शेजारी बसायचं, ऐकायचं आणि उठताना सही करायची. एका वर्षी एक नेताजी बॅनर घेऊन आले. शकूताई म्हणाली, "भाऊ, वाण पायजे असन तर लुगडं नेसून या."

बॅनर परत गेला.

चार-पाच वर्षं चपला झिजवल्या तिनं. केंद्र झालं. उद्घाटनाला सगळे रिबनपाशी, आणि ही बाई मागं बाथरूमच्या एकेक कड्या आतून लावून बघत होती. एक बसत नव्हती. सुतार येईपर्यंत तिनं पाहुण्यांना आत सोडलं नाही.

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझ्यासारखीला तिनं एकदाही टोमणा मारला नाही, नुसतं कामाला लावलं.

मी आता मुलाकडे, शहराच्या टोकाला वाडीला राहते. आज घाटावर गेले होते. निघताना बेबीनं हात धरला.

"ताई, घाटावरून आल्यावर आंघोय लागते. अशा कशा जाता वाडीपर्यंत? आमच्याकडे पानी तापवलं आहे."

ज्या बाथरूमच्या विरोधात मी दोन पानं लिहिली, तिथं आज मला गरम पाण्याची बादली मिळाली. बेबीनं तिचा धुतलेला टॉवेल दिला. आत गेले आणि हमसून हमसून रडले.

बाहेरून बेबी म्हणाली, "घाई नका करू ताई. आरामात होऊ द्या."

शकूताई, मला माफ कर वं. जा म्हणवत नाही. ये आता.