खिशातलं लिंबू

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत न्हाई. सिरसाळ्याजवळ आमचं रान हाय, मसणवट्याला लागून. तिथं जन्मभर रात्रीचं पाणी धरलं. साप भेटले, रानडुकरं भेटली, भूत एक बी आलं न्हाई. या ग्रुपवर लोक पांढऱ्या साडीचं लिहितात ते वाचून माझं डोकं उठतं. तरी आज मीच लिहायलोय, कारण एक गोष्ट मला सुटंना... शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर चालवून घ्या.

माझी मंडळी, गयाबाई, गेल्या उन्हाळ्यात वारली. तिला गाडी लागायची. लागायची म्हणजे कशी — सिरसाळ्याहून परळीला जायचं तरी मधी एसटी थांबवावी लागायची. कंडक्टर म्हणायचा, "मामा, मामीला बैलगाडीनं आणत जा की, आमचा टाइम कावून खराब करता?" म्हणून माझ्या खिशात कायम लिंबू. ती त्याच्या सालीत अंगठ्याचं नख रुतवायची अन् हुंगत बसायची. कापलेलं चालायचं न्हाई. परळी येईपर्यंत लिंबावर सगळ्या चंद्रकोरी.

लेक संगीता कॅनडात नर्स हाय, कॅलगरीला. किती वर्षं आईला बोलावती. आईचं एकच, "इमान मधीच थांबवणार कोण?" मी समजावलं, भांडलो, पासपोर्ट बी काढून आणला. न्हाईच गेली. शेवटी मेल्यावर संगीताच इकडं आली, ती बी माती झाल्यावर. तिला तोंड बघायला मिळालं न्हाई.

हिवाळ्यात तिनं मला तिकडं नेलं. विमानतळावर साहेबानं खिशातलं लिंबू काढून घेतलं, फळ आणायला बंदी म्हणे. संगीता म्हणली, "अण्णा, आता कुणासाठी लिंबू ठेवता?" काय सांगू, हात आपोआप जातो. दुसऱ्या दिवशी तिथल्या दुकानातनं दुसरं घेतलं.

डिसेंबरात नातीला सुट्टी लागली तवा संगीता आमाला बर्फाचे डोंगर दाखवायला निघाली. जावयाला रजा न्हाई. गाडी संगीता चालवत होती, तिच्याशेजारी नात सई — सोळा वर्षांची, कानात गाण्याची बोंडं घातलेली — अन् मागं मी एकटा. अंगावर जाकीट, टोपी, अन् हातात बैलाच्या मुसक्याएवढे हातमोजे, संगीतानं सकाळीच घातलेले. बाहेर सगळं पांढरं. परळीला वीज केंद्राची राख झाडांवर बसती तसं, फक्त स्वच्छ.

मायलेकींचं रस्ताभर चालू.

"सई, बाहेर बघ जरा."

"मॉम, मी स्नो बघितलाय."

"मग आजोबांशी बोल."

"बोलले ना."

"काय बोललीस?"

"ओके आहात का विचारलं. ओके आहेत."

मला हसू आलं, पण संगीता तापली. "माझी आई इथं असती तर..." म्हणली, अन् मधीच थांबली. मग म्हणली, "असती तरी आली नसती म्हणा. लेकीचं घर एकदा बघावं वाटलं नाही तिला."

"तिला गाडी लागायची गं."

"गाडी लागून कुणी मरत नाही, अण्णा. तिला यायचंच नव्हतं."

आईची माती झाल्यावर गावाला आली तवापासून हेच संगीताच्या पोटात होतं.

ऊन पडलेलं, दुपार. अन् माझ्या शेजारनं, अगदी कानाजवळ — "आवं... गाडी थांबवायला लावा."

मी कायमसारखा वैतागून बोलून गेलो, "संगीता, घे बाजूला, हिला मळमळतंय."

संगीतानं गाडी बाजूला घेतली. थांबली, तवा माझं ध्यान शेजारच्या रिकाम्या सीटवर गेलं.

सईनं कानातली बोंडं काढली. "हिला? मी ठीक आहे." मग नाक वर करून म्हणली, "लिंबू कोण सोलतंय?"

संगीता मागं वळली न्हाई. हळूच म्हणली, "अण्णा, मी तुमच्या सांगण्यानं नाही थांबवली. तुम्ही बोलायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर गेला होता."

मी दातानं हातमोजा ओढून काढला, खिशात हात घातला. लिंबू सकाळी पुसून ठेवलतं, गुळगुळीत. आता सालीवर दोन चंद्रकोरी, ओल्या.

संगीताला दाखवलं. ती उतरली, फिरून आली अन् मागचं दार उघडलं — माझं न्हाई, रिकाम्या बाजूचं. म्हाताऱ्या माणसाला उतरायला धरतात तशी धरून उभी राहिली. वारं नुसतं कापत होतं. सई "मॉम, थंडी" म्हणली. संगीता डोंगराकडं बघत तशीच उभी. बऱ्याच वेळानं तिनं दार हळूच लावलं.

आता तुमी म्हणाल, पुढं बर्फाची दरड कोसळली असंल, म्हणून वाचलो. काय बी न्हाई. पुढं रस्ता साफ होता, हॉटेलात गरम सूप मिळालं. तिनं कुणाला वाचवलं न्हाई. तिला नुसती गाडी थांबवायची होती.

जावई म्हणतो मनाचे खेळ, खिशात किल्ली टोचली असंल. माझ्या खिशात किल्ली नव्हती, घराची किल्ली सिरसाळ्यात शेजाऱ्याकडं ठिवलती. दुसरं काय असंल तर तुमीच सांगा, मी डोकं लावून थकलो. लिंबू संगीतानं गाडीतच ठेवलंय, वाळून सुपारीएवढं झालंय म्हणती. "तिला यायचंच नव्हतं" हे मात्र परत तिच्या तोंडून ऐकलं न्हाई.

माझा राग वेगळाच हाय. एवढा पासपोर्ट काढला, एवढ्या विनवण्या केल्या, तवा न्हाई. अन् मेल्यावर, बिनतिकिटाची, मागच्या सीटवर बसून गेली.

आता परत गावाकडं आलोय. परळीला जाताना अजून खिशात लिंबू टाकतो, खिडकीची जागा सोडून बसतो. उतरल्यावर काढून बघतो. गुळगुळीतच असतं.