ह्यांचा फुगीर मॉनिटर आणि ह्यांची लाज

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय माझं, म्हणून इथेच लिहिते.

आज मंदिरातून परतले तर टेबलावरचा जुना, मागून फुगीर मॉनिटर गायब. त्याच्या जागी नवी पातळ स्क्रीन. ती घेऊन आलेले माझे दीर हसत म्हणाले, "वहिनी, तो डबा भंगारवाल्याले देऊन टाकला. किती वर्षं सांभाळून राहिल्या?"

त्याच डब्यावर आमचे हे रोज संध्याकाळी गाड्यांच्या शर्यतीचा जुना गेम खेळतात. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून तेवढाच विरंगुळा. पातळ स्क्रीनवर तो गेम फिका अन् पसरट दिसतो, मुलीच्या घरी लावून पाहिलाय आम्ही.

मी ह्यांना विचारलं, "तुम्ही तर घरीच होते ना? कावून नाही बोलले?"

हे खाली बघत म्हणाले, "साठीचा माणूस गेम खेळते, हे त्याले कसं सांगू?"

मी तशीच स्कूटर काढून भंगारवाल्याकडे गेले. चार-पाच मॉनिटर पडले होते. विश्वकर्मा पूजेला लावलेल्या हळदीकुंकवावरून आमचा ओळखला. आतल्या तांब्यासाठी भंगारवाला तो फोडायलाच घेत होता. पायाशी ठेवून घरी आणला.

दीर म्हणाले, "एका डब्यासाठी एवढी धावपळ?"

"भाऊजी, चालती वस्तू आहे. पुढच्या वेळी घरच्या बाईले विचारत जा."

पण खरं सांगू, दिरांपेक्षा जास्त राग ह्यांचा आला. दिवसभर पत्ते कुटणाऱ्यांना लाज वाटत नाही. मग सख्ख्या भावाला स्वतःची आवड सांगायची लाज कसली? तुमच्याही घरी असंच आहे का?